बाटलीवरचा उंदीर: बडोद्यातील एका श्रवण केंद्राचा अनुभव

दांडिया बाजार परिसरातील एका श्रवण केंद्रात गेल्या तीन महिन्यांत आम्ही चार फेऱ्या केल्या. तपासणी माझ्या पतींची होती. मी सोबतीला होते आणि प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येतील आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या तक्रारीत दोष केंद्राचा किती आणि माल पुरवणाऱ्याचा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ती तक्रार तिथे विकल्या गेलेल्या, उंदराचे चित्र असलेल्या गोळ्यांच्या बाटलीची आहे. उंदीर पुढे वारंवार येणार आहेत, म्हणून माझ्याविषयी इतकेच सांगते की औषध संशोधनाच्या एका प्राणिगृहात मी २७ वर्षे नोकरी केली. तिथे ‘माइस’ आणि ‘रॅट’ हे इंग्रजी शब्दच चालत, कारण मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणावे लागते. इथे उंदीर म्हणजे पहिला समजावा: वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा, तळहातावर मावणारा.

यांची तक्रार जुनीच होती. ‘ऐकू येते, पण समजत नाही.’ घरात आम्ही दोघेच असलो की अडचण नसे. नातवंडे आली, पंखा चालू असला, स्वयंपाकघरात कुकर लागला, की हे हसून मान डोलवत आणि भलतेच उत्तर देत. वय ७१, त्यांपैकी ३१ वर्षे मकरपुऱ्याकडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या खडखडाटात गेलेली. नवरात्रात मैदानाच्या कडेला बसून गरबा ऐकण्याची हौस आहे, ती वेगळीच.

प्रतीक्षाकक्षाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खुर्च्या बऱ्या आहेत, पाणी आहे, जिना अरुंद असला तरी कठडा भक्कम आहे. मात्र ज्या जागी येणारा प्रत्येक दुसरा माणूस कमी ऐकतो, तिथे दूरदर्शन संच मोठ्याने लावून ठेवावा आणि स्वागतकक्षातल्या मुलीने संगणकाकडे तोंड करूनच नावे पुकारावीत, हे मला कळले नाही. आमच्यासमोर एका आजोबांचा क्रमांक असाच निघून गेला.

पहिली तपासणी व्यवस्थित झाली. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, तरुण होती आणि भारतीय पुनर्वास परिषदेचे तिचे नोंदणीपत्र भिंतीवर लावलेले होते. ते पाहण्याची सवय सर्वांनी ठेवावी. तिने आधी कानात दिवा घालून पाहिले, उजव्या कानातला मळ काढवून घेतला, पडद्याची हालचाल मोजली आणि मगच आवाजबंद खोलीत बसवले. २५० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर प्रत्येक कानात वेगवेगळे ऐकवले आणि कानामागच्या हाडावर कंपक लावून पुन्हा मोजले. आलेख हातात आला तेव्हा ४,००० हर्ट्झपाशी दोन्ही रेषा विहिरीत उतरल्यासारख्या खाली गेल्या होत्या. कारखान्यात काम केलेल्यांच्या आलेखात ही विहीर हमखास दिसते, असे तिने सांगितले आणि ते खरे आहे. तिने सांगितले नाही ते असे, की ही जागा यंत्राच्या आवाजावर थेट ठरत नाही. आपली कर्णनलिका मुळात २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज वाढवते आणि मोठ्या आवाजाची इजा त्या आवाजाच्या थोडी वरच्या सुरांना होते. उंदराला ८,००० ते १६,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट ऐकवला, तर त्याचाही कान त्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला अधिक बिघडतो. दोघांच्या कानांत फरक पुष्कळ आहे. आपण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, उंदीर साधारण १,००० हर्ट्झपासून ८०,००० हर्ट्झच्याही पुढे ऐकतो, आणि त्यांची पिल्ले आईला बोलावतात ती हाक तर आपल्या कानाला ऐकूच येत नाही. आतल्या शंखासारख्या वेटोळ्या नळीची, म्हणजे कॉक्लिआची, लांबी आपल्यात सुमारे ३५ मिलिमीटर, त्यांच्यात जेमतेम सहा. पण तिच्यातल्या केशपेशींची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींची, मांडणी तीच: एक रांग आतली आणि तीन रांगा बाहेरच्या. उंदराच्या कानावर इतकी मेहनत घेतली जाते ती या समान मांडणीसाठी.

सूरचाचणी संपली आणि लगेच श्रवणयंत्रांची किंमतपत्रिका समोर आली. शब्दांची चाचणी झालीच नव्हती. मी विचारले, तर उत्तर मिळाले की आलेख स्पष्ट आहे, गरज नाही. इथे माझा पहिला आणि मुख्य मतभेद झाला. बेशुद्ध उंदराच्या डोक्याच्या त्वचेत बारीक सुया टोचतात, कानाशी टिकटिक असा आवाज हळूहळू कमी करत नेतात आणि मेंदूच्या तळाशी उमटणाऱ्या विद्युतलहरी कुठे नाहीशा होतात ते पाहतात. याच चाचणीला आपल्या दवाखान्यांत बेरा म्हणतात आणि तान्ह्या बाळांची ती करतात. उंदराला शब्द विचारता येत नाहीत, म्हणून त्याच्या बाबतीत सर्वात हळू कोणता आवाज पोहोचतो, यावरच बहुतेक भिस्त ठेवावी लागते. माझे पती मात्र बोलू शकत होते आणि त्यांची तक्रारच शब्दांविषयीची होती. ती बाजूला ठेवून नुसत्या सुरांवर यंत्र ठरवायचे, म्हणजे माणसाला उंदराच्याच मापाने मोजायचे.

यात विरोधाभास असा की या तक्रारीचा माग सर्वांत स्पष्टपणे लावला तो उंदरांनीच. २००९ मध्ये अमेरिकेत बॉस्टन येथे शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या दोघांनी तरुण उंदरांना १०० डेसिबेलचा गोंगाट दोन तास ऐकवला. त्यांची श्रवणक्षमता आधी घसरली आणि काही दिवसांत, मोजणीप्रमाणे, पूर्ववत झाली. केशपेशीही जागच्या जागी शाबूत होत्या. तोपर्यंतच्या समजुतीप्रमाणे कान बरा झाला, असेच कोणीही म्हटले असते. पण केशपेशी आणि मेंदूकडे निरोप नेणारे श्रवणतंतू यांच्यामधले जोड रंगवून मोजले, तेव्हा वरच्या सुरांच्या भागात त्यांतले निम्म्यापर्यंत जोड कायमचे तुटलेले आढळले आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्यामागचे तंतूही झडत गेले. शांततेतला बारीक सूर ऐकायला थोडे तंतू पुरतात, म्हणून आलेख सरळ येतो. गलबल्यातून एकाचे बोलणे वेगळे काढायला पुष्कळ तंतू लागतात, असा त्यावरून निघालेला तर्क आहे. जिवंत माणसाच्या कानातले जोड असे मोजता येत नाहीत. मृत्यूनंतर दान केलेल्या कानांत मात्र वयाबरोबर हे तंतू विरळ होत गेलेले दिसले आहेत, आणि तेही केशपेशी बऱ्यापैकी शिल्लक असताना. यांच्या आलेखात विहीर आहे म्हणून निदान कोणी तरी लक्ष दिले. ज्यांचा आलेख सरळ येतो आणि तरी लग्नघरात काही समजत नाही, त्यांना ‘कान उत्तम आहेत’ असे सांगून घरी पाठवले जाते, त्यांचे काय, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

दुसऱ्या फेरीत शब्दांची चाचणी झाली, आणि केंद्राला याचे श्रेय दिले पाहिजे की कुरकुर न करता झाली. शब्दांच्या याद्या गुजराती आणि हिंदी होत्या. पती गुजराती उत्तम बोलतात, तरी लहानपणापासून कानावर पडलेली भाषा मराठी. म्हणून मी घरून पंचवीस साधे मराठी शब्द लिहून नेले होते. ते त्या मुलीने हौसेने वाचले. अडचण एवढीच झाली की ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांतले आपले दंत्य च आणि ज तिच्या जिभेवर येईनात, आणि यांनी ‘चमचा’ ओळखला नाही तो कानामुळे की उच्चारामुळे, हे ठरवता येईना. शेवटी तिने मलाच मायक्रोफोनसमोर बसवले. शास्त्रशुद्ध पद्धत ही नव्हे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. पंचवीसपैकी सतरा शब्द आले. मागे गोंगाट लावल्यावर नऊ.

आता बाटलीकडे वळते. पहिल्या दिवशी मी पैसे भरण्याच्या रांगेत असताना यांनी काउंटरवरची एक बाटली १,४५० रुपयांना घेऊन टाकली होती. साठ गोळ्या. वेष्टनावर कानाचे चित्र, त्याखाली पांढऱ्या उंदराचे छोटे चित्र आणि ‘उंदरांवरील संशोधनाने सिद्ध’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. घटकांत जीवनसत्त्वे आणि मॅग्नेशियम. काउंटरवरच्या गृहस्थांनी यांना सांगितले होते की मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात.

जन्मभर उंदीर सांभाळलेल्या बाईला ही ओळ दाखवणे त्या गृहस्थांना महागात पडले. मी त्यांना विचारले की कोणत्या जातीचे उंदीर, किती वयाचे, औषध गोंगाटाच्या आधी दिले की नंतर, आणि शेवटी मोजले काय. एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. हे प्रश्न खोचकपणाचे नाहीत. अशा जीवनसत्त्वांचे आणि मॅग्नेशियमचे मिश्रण गोंगाटाच्या आधीपासून दिल्यास प्राण्यांच्या कानाचे काही प्रमाणात संरक्षण झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे, हे खरेच आहे. परंतु यांचा कारखाना सुटून अकरा वर्षे झाली. पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडून कपडे वाळत नाहीत.

जातीचा प्रश्न तर मी स्वतः पाहिलेला आहे. आमच्या प्राणिगृहात सी-५७ ब्लॅक-६ या जातीचे काळे उंदीर असत. जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जातींपैकी ही एक. पिंजऱ्याचे झाकण हातातून निसटून आदळले की तरुण उंदीर दचकत, कान फडकवत. वर्ष-सव्वा वर्षाचे काळे उंदीर मात्र ढिम्म. सुरुवातीला मला वाटे की म्हातारे झाले, आळसावले. कारण फार उशिरा वाचनात आले. केशपेशींच्या माथ्यावरच्या सूक्ष्म केसांना एकमेकांशी बांधणारे बारीक धागे असतात; त्यांतले एक प्रथिन, कॅडहेरिन-२३, बनवणाऱ्या जनुकात या जातीत जन्मतःच एक दोष आहे. तो दहाव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९७ मध्ये कळले आणि नेमका जनुक २००३ मध्ये हाती लागला. त्यामुळे हे उंदीर तरुणपणातच वरचे सूर गमावू लागतात, तर सीबीए नावाच्या दुसऱ्या जातीचे उंदीर म्हातारपणापर्यंत चांगले ऐकतात. याच जनुकातले गंभीर दोष माणसांत जन्मजात बहिरेपण आणि काही घराण्यांत त्याच्या जोडीला हळूहळू येणारे अंधत्व आणतात. म्हणजे एकाच औषधाचा निकाल काळ्या उंदरात एक आणि सीबीए उंदरात दुसरा येऊ शकतो. वेष्टनावरचा उंदीर पांढरा होता. तेवढ्यावरून काहीच बोध होत नाही.

राहिले पेशी उगवण्याचे. पक्ष्यांच्या कानात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा तयार होतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लिआत, उंदीर असो वा माणूस, मोठेपणी त्या आपोआप उगवत नाहीत. २०१३ मध्ये एका रसायनाच्या साहाय्याने गोंगाटाने बहिऱ्या झालेल्या उंदरांत थोड्या केशपेशी निर्माण करता आल्या आणि ऐकणे किंचित सुधारले. पुढे याच आशेवर माणसांसाठी औषधे तयार झाली. त्यांतले एफएक्स-३२२ हे पडद्यातून थेट कानात टोचण्याचे औषध बरेच पुढे गेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा शब्द समजण्याच्या बाबतीत ते आणि औषध नसलेली टोचणी यांत फरक आढळला नाही. जे कानात टोचून जमले नाही, ते तोंडाने घेतलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळीने जमेल, असे १,४५० रुपये घेऊन सांगणे याला मी फसवणूक म्हणते. उघडलेली नसतानाही बाटली परत घेतली गेली नाही. ऑडिओलॉजिस्ट मुलीला मी हे सांगितले, तेव्हा तिने खाली पाहिले आणि काउंटर वेगळ्या माणसाचा आहे इतकेच म्हणाली.

त्या मुलीबद्दल माझे मत चांगले झाले ते तिसऱ्या फेरीत, आमच्या कामाशी संबंध नसलेल्या एका प्रसंगामुळे. आमच्या शेजारी वारसियाकडचे एक तरुण मराठी जोडपे सात महिन्यांच्या बाळाला घेऊन बसले होते. बाळाच्या कानातून परत येणारा बारीक प्रतिध्वनी मिळत होता, म्हणजे बाहेरच्या केशपेशी काम करत होत्या, पण बेरा चाचणीत लहरी उमटत नव्हत्या. वडिलांनी मोबाइलवर बातमी काढून ठेवली होती की एका इंजेक्शनने बहिरी मुले ऐकू लागली. तिने ती बातमी उडवून लावली नाही. असे निदान असलेल्या काही मुलांत ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाचा जनुक सदोष असतो, केशपेशी आवाज पकडते पण पुढे तंतूकडे निरोप पोहोचवू शकत नाही, आणि निरोगी जनुक कानात पोहोचवण्याचा उपाय याच एका कारणावर लागू पडतो, हे तिने त्यांना शांतपणे समजावले. जनुक तपासणी आधी करून घ्या आणि तिची वाट पाहत कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा, विचार लांबवू नका, असेही सांगितले. या विषयावर इतका नेमका सल्ला मी अपेक्षिला नव्हता.

मला तिथे गप्प बसवले नाही, हे कबूल करते. मी त्या आईला सांगितले की हे इंजेक्शन आकाशातून पडलेले नाही. ओटोफर्लिनचा जनुक इतका लांब आहे की ज्या निरुपद्रवी विषाणूच्या पोटात घालून तो न्यायचा, त्यात तो मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंत भरायचे आणि पेशीत गेल्यावर ते जुळू द्यायचे, ही युक्ती आधी बहिऱ्या उंदरांवर करून पाहिली गेली. ती यशस्वी झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनमध्ये सहा मुलांना हा उपचार दिल्याचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला; त्यांतल्या पाच जणांचे ऐकणे सुधारले. जनुक तपासणीची यादी एवढी मोठी का, असे वडिलांनी विचारले, त्यालाही उंदरांतच उत्तर आहे. प्रत्येकी एक जनुक बंद केलेल्या ३,००६ वाणांच्या उंदरांची श्रवणतपासणी करून २०१७ मध्ये ऐकण्याशी संबंध असलेले ६७ जनुक वेगळे काढले गेले आणि त्यांतल्या ५२ जनुकांचा कानाशी संबंध तोवर ठाऊकच नव्हता. एका जनुकातली चूक असेल तिथे उंदीर सहसा खरे बोलतो. म्हातारपण, तीस वर्षांचा कारखाना, मधुमेह आणि गरबा यांची मिळून झालेली खिचडी असेल तिथे त्याचा शब्द जपून घ्यावा.

यंत्रांविषयी आता थोडक्यात. कानामागे बसणारी दोन यंत्रे, जोडीची किंमत ५२,००० रुपये, आठवडाभर घरी वापरून पाहण्याची मुभा. बॅटरी ३१२ क्रमांकाची, तपकिरी चिकटपट्टीची. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू देऊन मग बसवायची, हे आम्हाला नीट शिकवले. घामासाठी सुकवणीची डबी सोबत दिली. पण यंत्र बसवताना आवाज ठरवला तो संगणकाने आलेखावरून सुचवलेला. प्रत्येकाच्या कर्णनलिकेचा आकार वेगळा, त्यामुळे पडद्यापाशी प्रत्यक्षात किती आवाज पोहोचतो हे बारीक नळी कानात घालून मोजावे लागते. चांगल्या प्रयोगशाळांत दर उंदराच्या एवढ्याशा कानाशी सूक्ष्म मायक्रोफोन लावून ही मोजणी प्रयोगाआधी करतात. ५२,००० रुपये भरणाऱ्या माणसासाठी ती मागून घ्यावी लागली. उपकरण कपाटात होते. वेळ लागतो म्हणून वापरत नाहीत, असे कळले. मोजल्यावर उजव्या यंत्राचा वरचा आवाज बराच कमी भरला आणि तो वाढवला.

त्या आठवड्यात आम्ही मुद्दाम सकाळी खंडेराव मार्केटमध्ये गेलो. फुलवाल्यांच्या ओळीत हे दोनदा थांबले आणि मागून कोणी हाक मारली का, असे विचारले. एकदा खरेच मारली होती.

चौथ्या फेरीत तेच पंचवीस शब्द, शब्दांचा क्रम बदलून, मीच वाचले. शांततेत यंत्रासह बावीस आले, गोंगाटात चौदा. शब्द आता ओळखीचे झाले होते, म्हणून यातला एखाद-दुसरा गुण वजा धरावा. आम्ही यंत्रे घेतली. उजवे यंत्र जेवताना जबडा हलला की शिट्टी वाजवते; त्यासाठी दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे आणि नळीची मोजणी त्या दिवशी पुन्हा करून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. नवीन शब्दांची यादी मी करायला घेतली आहे. या वेळी तीत च आणि ज नाहीत.